मैदानात या!

१ जून २०१८ ची संध्याकाळ. अंधेरीच्या क्रीडासंकुलात भारताचा फुटबॉल संघ चिनी तैपेईशी खेळत होता. भारताने पाच गोल मारले, त्यांतले तीन कर्णधार सुनील छेत्रीचे. समोरच्या संघाला एकही करता आला नाही. आणि हे बघायला मैदानात माणसं किती होती? अधिकृत आकडा २,५६९. एक कोटीहून अधिक वस्तीच्या मुंबईत देशाच्या संघासाठी अडीच हजार माणसं आली.

दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक छोटी चित्रफीत ट्विटरवर टाकली. युरोपातल्या क्लबांवर जीव टाकणाऱ्या आपल्याच पोरांशी तो त्यात बोलला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: आमचा खेळ तुमच्या लाडक्या क्लबांच्या जवळपासही नाही, हे मला मान्य आहे. पण तुमचा वेळ वाया जाणार नाही एवढी मेहनत आम्ही नक्की करू. शिव्या घालायच्या असतील तर घाला, टीका करायची असेल तर करा, पण मैदानात येऊन आमच्या तोंडावर करा. ही चित्रफीत देशभर पसरली. सचिन तेंडुलकर, विराट कोहली यांनी तिला साथ दिली. ४ जूनला, सोमवारी, त्याच मैदानावर केनियाविरुद्ध सामना होता. छेत्रीचा देशासाठी शंभरावा. सगळी तिकिटं संपली. पाऊस असा कोसळला की मैदानात तळं साचलं, चेंडू पाण्यात जागच्या जागी थांबू लागला. माणसं भिजत ओरडत राहिली. भारत ३-० ने जिंकला.

शुक्रवार ते सोमवार. मधल्या दोन दिवसांत मुंबईत नवे फुटबॉलवेडे कुठून आले नाहीत. ते होतेच. शुक्रवारीही ते फोनवर स्कोअर बघत होते, कुणाला संघातून काढायला हवं यावर वाद घालत होते. सोमवारी ते उठून आले, एवढंच बदललं. तरुण मित्रांनो, भगिनींनो, मला आज तुमच्याशी या उठून येण्याबद्दल बोलायचं आहे. फोन फेकून द्या असं मी म्हणणार नाही. देशाचं राजकारण, फुटबॉल, गावातली पाण्याची बोंब, पेट्रोलचा भाव, सगळं आज आपल्याला याच पडद्यावर कळतं आणि कळायलाच हवं. माझं मागणं त्यापुढचं आहे. जे कळलं त्याच्या मागोमाग स्वतःच्या पायांनी निदान एक पाऊल जा.

पाऊल न टाकता नुसतं बोट चालवलं तर काय होतं, तेही याच महाराष्ट्राने त्याच वर्षी बघितलं. अंधेरीतल्या त्या पहिल्या सामन्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. रविवार होता, बाजाराचा दिवस. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत सगळ्या भागात फिरत होते. एका मुलीशी ते बोलताना दिसले, तेवढं पुरलं. जमावाने त्यांना ओढत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, आत कोंडलं आणि मारलं. त्या मारहाणीच्याही चित्रफिती निघाल्या आणि त्याही फोनमधून फिरल्या.

ग्रामपंचायतीचं कार्यालय! जिथे गावाने गोळा होऊन रस्त्याचं, शाळेचं, पाण्याचं बोलायचं, ती ही जागा. तिथल्या चार भिंतींत पाच निष्पाप जीव गेले आणि बाहेर शेकडोंची गर्दी होती. त्या गर्दीत एकाने तरी पुढे होऊन विचारायला हवं होतं: तुम्ही कुठले? तुमचं गाव कुठलं? तिथल्या पोलीस पाटलाला फोन लावू का? पुढचं सगळं टळण्याची आशा या एका प्रश्नात होती. मेसेज वाचायला माणसं शेकड्यांनी होती आणि विचारायला कुणी नव्हतं, हे मला आठ वर्षांनीही सहन होत नाही.

त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत आठवा. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पळतात. बघणाऱ्याचं काळीज हलावं अशीच ती होती. मूळ चित्रफीत कराचीतली. पालकांना सावध करण्यासाठी तिथल्या एका संस्थेने ती तयार केली होती. शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा संदेश दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेलं पाठवून दिलं. पुढे लाखो हातांनी ते ढकललं. त्यांतले बहुतेक हात आईबापांचे होते, आणि मनात पोरांची काळजीच होती. म्हणून मी म्हणतो, हेतू चांगला असणं पुरत नाही. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. तरी त्याच एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच चोरांच्या अफवेत जमावाच्या हातून गेले. कंपनीच्या मर्यादेवर विसंबू नका. दुसऱ्याला पाठवायचं की नाही, हा निर्णय तुमचा आहे आणि तुम्हालाच घ्यायचा आहे.

आता समोर आलेली चित्रफीत नीट बघायची म्हणजे काय, तेही सांगतो. त्यात तारीख आहे का? नसेल तर आजची कशावरून? मागच्या दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत? गाडीची नंबरप्लेट कुठल्या राज्याची आहे? महिना पावसाळ्याचा सांगतात आणि रस्ता कोरडा कसा? पोलिसांचा गणवेश आपल्याकडचा आहे का? चित्रफितीतलं एखादं दृश्य थांबवून त्याचा फोटो काढा आणि गूगलवर चित्राने शोध घ्या. बऱ्याचदा ते पाच-सात वर्षांपूर्वीचं आणि भलत्याच देशातलं निघतं. ‘एका डॉक्टर मित्राने पाठवलंय’ असं कुणी लिहिलं तर विचारा, कुठला डॉक्टर, कुठल्या रुग्णालयातला? नाव नसेल तर पुढे पाठवू नका. ज्याने पाठवलं त्याला चारचौघांत झापू नका, खासगीत सांगा. तो तुमचा मामा असेल, शाळेतला सर असेल, सोसायटीचा सेक्रेटरी असेल. ‘काका, हे जुनं आहे, ही मूळ बातमी बघा,’ एवढं आदराने सांगितलं की बहुतेक माणसं ऐकतात. राजकारणावरून कुटुंबाच्या ग्रुपवर काका-पुतण्यांचं बोलणं बंद झालेली घरं आज कमी नाहीत. ज्या नेत्यासाठी हे भांडले त्याला यांची नावंही ठाऊक नाहीत. दिवाळीला एका पंगतीला बसायचं कुणी, यांनीच ना?

संतापाचं एक गणित आहे, तेही ओळखून असा. ही समाजमाध्यमं चालवणाऱ्या कंपन्यांची कमाई जाहिरातींवर चालते. तुम्ही जितका वेळ पडद्यावर राहाल तितक्या जाहिराती दिसतील. म्हणून ज्यावर माणसं थांबतात, चिडतात, उत्तरं देतात, तेच यंत्रणा आणखी पुढे ढकलते. शांतपणे समजावलेली अर्थसंकल्पाची गोष्ट मागे राहते आणि कुणीतरी कुणाला दिलेली शिवी सगळ्यात आधी समोर येते. तुमची चीड खरी असते, तुमचा देशावरचा जीवही खरा असतो. दुसऱ्याचा धंदा वाढवण्यासाठी तो रोज खर्ची का घालायचा? ती ताकद तुमची आहे. ती तुमच्या वॉर्डासाठी, तुमच्या गावासाठी वापरा.

वॉर्ड म्हटल्यावर जून २०२२ आठवतो. शिवसेनेतलं बंड, सुरत, गुवाहाटी. सांगोल्याच्या आमदारांचं फोनवरचं ‘काय झाडी, काय डोंगार’ अख्ख्या महाराष्ट्राने रील करून, गाणी करून, टी-शर्टवर छापून म्हटलं. कोण कुठल्या हॉटेलात आहे, कोणाचं विमान किती वाजता उतरलं, हे आपल्याला मिनिटामिनिटाला ठाऊक होतं. त्याच वेळी आपल्या शहरांत काय चाललं होतं? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, पुण्याचीही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. जवळजवळ चार वर्षं मुंबईकराला नगरसेवक नव्हता. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून मोठा होता. लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाने सभागृहात उभं राहून त्यावर प्रश्न विचारला नाही, कारण सभागृहच नव्हतं. गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला, हा प्रश्न लाखो घरांत होता. त्यावर राज्य ढवळून निघालं नाही. का नाही निघालं? आपलं लक्ष गुवाहाटीत होतं म्हणून.

राष्ट्रीय राजकारण बघू नका असं मी कधीच म्हणणार नाही. संसदेत कुठलं विधेयक आलं, सर्वोच्च न्यायालयाने काय निकाल दिला, हे तुम्हाला कळलंच पाहिजे. पण कळण्याचा रस्ता बदला. विधेयकाचा मसुदा संसदेच्या संकेतस्थळावर असतो. तुमच्या खासदाराने कुठले प्रश्न विचारले आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, तेही तिथेच मिळतं. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवाराची संपत्ती, शिक्षण, त्याच्यावरचे गुन्हे, हे सगळं प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२-०३ मध्ये मतदाराचा हा हक्क ठाम केला. हे कागद अर्धा तास देऊन वाचा. मग रीलमधल्या तीस सेकंदांच्या भाषणात काय राहून गेलं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. आणि एवढं बघून मतदानाच्या दिवशी घरी बसू नका. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गडचिरोली जिल्ह्यात ७० टक्क्यांहून जास्त मतदान झालं. जंगलातून, नक्षलवाद्यांच्या भीतीतून चालत माणसं केंद्रावर आली. मुंबईच्या कुलाब्यात, जिथे मंत्रालय आहे तिथे, ते ४५ टक्क्यांच्याही आत राहिलं. राजकारणाच्या बातम्या कुलाब्यात कमी पोचतात का?

फुटबॉलकडे परत येतो, कारण तिथे हीच गोष्ट फार स्पष्ट दिसते. दर विश्वचषकाला एक मेसेज उगवतो: १९५० मध्ये भारत पात्र होता, पण अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेला नाही. ऐकायला गोड वाटतं. अपमानाची आणि स्वाभिमानाची कथा आहे ना! खरी हकीकत तेवढी गोड नाही. लांबचा बोटीचा प्रवास, खर्च, सरावाला वेळ नाही, अशी कारणं तेव्हाच्या महासंघाने पुढे केली. त्या काळात आपल्याकडे विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकला मोल जास्त होतं. त्यामुळे ब्राझीलला जाण्याची संधी आपणच सोडली. अनवाणी पायांवर सगळं ढकललं की महासंघाला कुणी जाब विचारत नाही.

आणि या गोड कथेपायी खरी थोर गोष्ट मागे राहिली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यात नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते आशियातले पहिले. मूळचे गोव्याचे, खेळले मुंबईत. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताने सुवर्ण जिंकलं. गोव्यातल्या, मुंबईतल्या किती मुलांना नेव्हिल डिसूझा हे नाव माहीत आहे? त्या मुलांना युरोपातल्या बदली खेळाडूचा पगार पाठ असतो. यात मुलांचा दोष नाही. त्यांना जे दाखवलं ते त्यांनी बघितलं. आपण दाखवायचं बदलू या.

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी भारतात आला. कोलकात्यात गोंधळ झाला, लोकांनी खुर्च्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडेवर मोठी गर्दी उसळली. एका महान खेळाडूला डोळ्यांनी बघावं असं वाटण्यात काही गैर नाही. पण त्याच महिन्यात देशाची सर्वोच्च फुटबॉल लीग ठप्प होती. जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातल्या कराराच्या घोळात इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबणीवर टाकला गेला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. आपली पोरं घरी बसली होती. मेस्सीच्या फोटोखाली लाखो बदाम पडत असताना त्यांच्यासाठी किती जणांनी आवाज केला?

या बाबतीत कोल्हापूरकडून शिकण्यासारखं आहे. तिथेही ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकाचौकांत फलक उभे राहतात, मेस्सी-रोनाल्डोवरून पैजा लागतात. पण हंगाम सुरू झाला की तीच माणसं राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेली दिसतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब: पेठेपेठेचा संघ, पेठेपेठेचा अभिमान. खेळणारा पोरगा गल्लीतला असतो, त्याची आई ओळखीची असते. चुकला तर तोंडावर ऐकवतात, गोल मारला तर खांद्यावर घेतात. अशा गावातूनच अनिकेत जाधव निघाला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. ईर्ष्येतून कधी हाणामाऱ्याही होतात, त्या थांबल्याच पाहिजेत. पण खेळ डोळ्यांसमोर ठेवण्याची ही रग महाराष्ट्रभर पसरायला हवी. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलवर गोळा केलं. हे काम उभं राहिलं तेव्हा रील नव्हती. मैदान होतं आणि रोज हजर राहणारा एक क्रीडाशिक्षक होता.

आता कुणी म्हणेल, सामान्य माणसाने हजर राहून काय होतं? त्याला रविवारच्या सुट्टीची गोष्ट सांगा. नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचं पत्र चालवत. मुंबईच्या गिरण्यांत माणसं पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत, आणि आठवड्याची हक्काची सुट्टी त्यांना नव्हती. लोखंडे लिहीत राहिले, पण नुसतं लिहून थांबले नाहीत. कामगारांच्या सभा घेतल्या, अर्जांवर हजारोंच्या सह्या घेतल्या. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे १० हजार कामगारांची सभा भरली. तिथे स्त्री कामगारांनीही उठून भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तेव्हा वाचणारे फार थोडे, पण एकाने वाचायचं आणि भोवती दहांनी ऐकायचं, मग त्या दहांनी सभेला जायचं. आपल्या हातात आज लोखंड्यांना स्वप्नातही दिसलं नसतं एवढं साधन आहे. त्या मानाने आपल्या सभा केवढ्या भरतात?

भरू शकतात. मार्च २०१८ मध्ये भरली होती. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे हजारो आदिवासी शेतकरी ६ मार्चला नाशिकहून निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. वनहक्काचे पट्टे, कर्जमाफी, अशा त्यांच्या मागण्या. सुरुवातीला बातम्यांत त्यांना जागा नव्हती. मग कुणीतरी त्यांच्या पायांचे फोटो काढले. सोललेली कातडी, फाटलेल्या चपला, फोड आलेले तळवे. ते फोटो फोनाफोनांत पोचले आणि मुंबई हलली. पाणी, बिस्किटं, चपला घेऊन लोक रस्त्यावर आले. दहावीच्या मुलांची परीक्षा आहे, रस्ता अडायला नको, म्हणून शेवटचा टप्पा ते दमलेले लोक रात्रीतून चालले आणि १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानात पोचले. सरकारने लेखी आश्वासन दिलं. शेतकऱ्यांची माणुसकी आणि मुंबईकरांची माणुसकी फोनने एकमेकांना भेटवली. समाजमाध्यमाचं याहून चांगलं काम मला माहीत नाही.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते पुन्हा चालायला निघाले. मार्च २०२३ मध्ये पुन्हा निघाले आणि वासिंदला थांबले. मागण्या पुऱ्या झाल्या नव्हत्या म्हणून निघाले. पहिल्या मोर्चाला चपला घेऊन धावलेल्या मुंबईने मधल्या पाच वर्षांत विचारलं का, की त्या लेखी आश्वासनाचं काय झालं? विचारण्याचा हक्क आपल्याजवळ होता. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये आला. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं, आणि राज्य सरकारकडे ऑनलाइन अर्जही करता येतो. ज्या फोनवरून फोटो पाठवला त्याच फोनवरून हा अर्ज जातो.

आणि बोलायला घाबरू नका. ते स्वातंत्र्यही कुणीतरी लढून मिळवलेलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद झाली त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्याला लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. हे वाचून दिल्लीची तरुणी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली. अशा अटकांसाठी वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने रद्द केलं. त्या तरुणीनेही ती बातमी आपल्यासारखीच वाचली होती. वाचून ती उठली. म्हणून आज आपण त्या कलमाच्या भीतीशिवाय लिहितो. हा हक्क शिवीगाळीत उडवू नका. तो प्रश्न विचारण्यासाठी वापरा.

तर सुरुवात कुठून करायची? घरापासून दहा मिनिटांवरून. शहरात असाल तर आता नगरसेवक आले आहेत. त्यांना भेटा, आपल्या प्रभागाला या वर्षी किती निधी आला आणि तो कुठल्या कामावर लागला ते विचारा. नागरिकांच्या क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली आहे. दहा जणांच्या सह्यांनी ती मागा. तालुक्याच्या मैदानावर मुलींचा सामना असेल तर ग्रुपवर शुभेच्छा पाठवून थांबू नका, कडेला जाऊन उभे राहा. तिथे एक टाळी वाजली तरी त्या मुलींना ती ऐकू येते.

आणि गावात असाल तर तुमच्या हातात शहरापेक्षा जास्त आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते, बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. तिच्याआधी महिलांची वेगळी ग्रामसभा होते. भगिनींनो, ती सोडू नका. दारू, पाणी, शाळेचं स्वच्छतागृह, हे विषय तिथे मांडले की पुढल्या सभेला टाळता येत नाहीत. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. शंभर माणसं! गावातल्या क्रिकेटच्या ग्रुपवर याहून जास्त असतात. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. मग पाच-दहा जणांत लाखोंच्या कामांचे ठराव होतात आणि वर्षभर आपण ग्रुपवर भ्रष्टाचाराच्या नावाने ओरडत बसतो.

सभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. उद्या सकाळी जा, तिचा फोटो काढा आणि गावाच्या ग्रुपवर टाका. खाली लिहा: सभा किती वाजता आहे, आपण कुठले तीन प्रश्न विचारणार आहोत, आणि आपल्यातून कोण कोण येतंय. आपलं नाव सगळ्यांत आधी घाला.